दोन खडक, एक झाड आणि वाळवंट

निसर्गचित्राचा विषय आपणच निवडावयाचा असला म्हणजे आमचे पुष्कळ विद्यार्थिमित्र वाळवंटाकडे वळतात. त्यांचा हिशेब सरळ असतो. खेड्याच्या चित्रांत घरें, माणसें, गुरें, विहीर हीं सर्व यावयाचीं; गिरगांवांतील रस्त्याच्या चित्रांत चाळींचे सज्जे, दुकानांच्या पाट्या आणि माणसांची गर्दी यावयाची; वाळवंटांत मात्र खालीं पिवळा रंग, वर निळा रंग, मध्यें दोन खडक आणि एक वाळलेलें झाड टाकलें कीं काम झालें! घंटा होण्यापूर्वींच चित्र पुरें होतें, आणि मग तें पाहणाराला कां पटत नाहीं, ह्याचें त्या विद्यार्थ्याला नवल वाटतें.

ह्या लेखांत आम्ही त्याच 'सोप्या' चित्राचा थोडा विस्तारानें विचार करणार आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ज्या चित्रांत वस्तु थोड्या, त्या चित्रांत प्रत्येक वस्तूची जबाबदारी मोठी. बाजाराच्या चित्रांत एखादी टोपली वांकडी झाली तरी ती गर्दींत खपून जाते. वाळवंटांत दोन खडक आणि एक झाड एवढेंच असल्यामुळें चूक लपावयास जागाच नसते. म्हणून ह्या वस्तु आणि त्यांच्या खालची वाळू अशीच कां दिसते, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. रंगाची पेटी त्यानंतर उघडावी.

वाचक विचारतील, मुंबईच्या मुलानें वाळवंट पाहावें कोठें? येथें वर्षाला २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; राजस्थानांतील जैसलमेरकडे त्याच्या सुमारें दहाव्या हिश्श्याइतकाच काय तो पडतो. थरचें वाळवंट प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिलेले आपल्यांत थोडेच असतील. बहुतेकांच्या घरीं वाळवंट येतें तें रंगपेटीबरोबर. १९३१ मध्यें दांडेकर बंधूंनीं मुंबईंत जो शाईचा धंदा सुरू केला, त्यांतूनच पुढें 'कॅमल' हे रंग घरोघर पोंचले, आणि त्या नांवाबरोबर उंटही प्रत्येक दप्तरांत शिरला. ह्या उंटाभोंवतीं आपण ऐकीव वाळवंट उभें करितों, आणि मग त्यांत अरबस्तानांतील खजुरी, मिसर देशांतील पिरॅमिड आणि राजस्थानांतील पागोटें ह्यांचा एकच काला होतो.

खरें पाहतां वाळवंटाचे अवयव मुंबईंत सुटे सुटे विखुरलेले आहेत. वाळू गिरगांव चौपाटीवर आहे, खडक वरळीच्या किनाऱ्यावर आहेत आणि झाडाची डहाळी दादरच्या फुलबाजारांत येते. ते पाहावयाची संवय मात्र लावून घेतली पाहिजे. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान (मृत्यु १९३१) हे १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत शिकून आपल्या गांवीं परत गेले आणि कोटितीर्थाच्या कांठीं राहून त्याच परिसराचीं चित्रें वेगवेगळ्या प्रहरीं पुन्हां पुन्हां काढीत राहिले. जवळचें नीट पाहणें ज्याला साधलें, त्याला दूरचें समजून घेणें जड जात नाहीं.

प्रथम वाळू घेऊं. चौपाटीवर सकाळीं, गर्दी होण्यापूर्वीं जावें. भरतीची ओल जेथें पोंचत नाहीं तेथली कोरडी वाळू मुठींत घेऊन एकाच जागीं हळूहळू सोडावी. तिचा लहानसा ढीग होतो. आणखी वाळू सोडीत गेलें तर ढीग मोठा होतो, पण त्याचा उतार अधिक उभा होत नाहीं. कण बाजूनें घसरून खालीं येतात. कंपासपेटींतील कोनमापकानें हा उतार मोजला तर तो साधारणपणें ३० ते ३५ अंश भरतो. थरमधील वाळूची टेकडी माडाएवढी उंच असली तरी तिलाही हाच नियम आहे. कोरडी वाळू ह्याहून उभी राहूंच शकत नाहीं. विद्यार्थ्यांच्या चित्रांतील टेकड्या पुष्कळदां देवळाच्या शिखरासारख्या टोकदार असतात, आणि पाहणाराला कारण सांगतां आलें नाहीं तरी त्या खोट्या वाटतात त्या ह्यामुळेंच.

टेकडी रचितो तो वारा. ज्या बाजूनें वारा येतो ती बाजू लांब आणि सौम्य चढाची, बहुधा १० ते १५ अंशांची असते. वाळूचे कण ह्या चढानें वर लोटले जातात, माथ्यावरून पलीकडे पडतात, आणि पलीकडची बाजू वर सांगितलेल्या उभ्या उतारानें घसरत राहते. म्हणजे टेकडीच्या दोन बाजू सारख्या नसतात. वाळूवर ज्या बारीक लहरी उमटतात, त्याही वाऱ्याच्या दिशेला आडव्या असतात. आतां एका टेकडीचा उभा उतार डावीकडे आणि शेजारच्या टेकडीचा उजवीकडे काढला, आणि झाड तिसरीकडेच झुकलेलें दाखविलें, तर त्या चित्रांत एकाच वेळीं तीन वारे वाहूं लागतात. चित्र काढण्यापूर्वीं कागदाच्या मागच्या बाजूस वाऱ्याचा एक बाण काढून ठेवावा आणि प्रत्येक टेकडी त्या बाणाला विचारून काढावी.

आतां खडक. मुंबईचा खडक म्हणजे काळा पाषाण, ज्याला भूगर्भशास्त्रांत बेसाल्ट म्हणतात. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या ज्वालामुखीच्या रसापासून तो झाला. ओहोटीच्या वेळीं वरळीच्या किनाऱ्यावर आणि हाजी अलीच्या बाजूस तो उघडा पडतो. (तेथें जातांना भरतीची वेळ आधीं पाहून ठेवावी, आणि शेवाळावर पाय देऊं नये.) खडकासमोर उभें राहून डोळे किंचित् मिटून पाहावें, म्हणजे बारीक भेगा दिसेनाशा होतात आणि त्याचीं तीन अंगें उरतात: आकाशाकडे तोंड असलेलें उजळ अंग, बाजूचें मध्यम अंग आणि सूर्याकडे पाठ असलेलें गडद अंग. हीं तीन अंगें साधलीं कीं खडकाला वजन येतें. जो विद्यार्थी आधीं भेगा काढून मग छाया घालावयास बसतो, त्याच्या हातून खडकाऐवजीं भेगांचें जाळें तयार होतें.

आकार असा वरळीला शिकतां येतो. रंग आणि घडण मात्र तेथून उसनी आणतां येत नाहीं. जैसलमेरचा दगड पिवळा चुनखडक आहे. जोधपूरकडे तांबूस वालुकाश्म आहे, आणि त्याहूनही पुरातन अशा ज्वालामुखीच्या दगडाच्या टेकड्या आहेत. चुनखडक आणि वालुकाश्म हे थरांथरांनीं बनतात. भाकरींची चवड ठेवावी तसे त्यांचे थर एकावर एक असतात. म्हणून त्यांच्या भेगा बहुधा आडव्या किंवा उभ्या आणि कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. चित्रांतला दगड कोणता हें आधीं ठरवावें, म्हणजे भेगा मनाला येतील तशा काढाव्या लागत नाहींत. पिवळ्या दगडावर ऊन कसें पडतें हें पाहण्यासाठीं जैसलमेरपर्यंत जाण्याचेंही कारण नाहीं. १९२४ मध्यें पुरें झालेलें गेटवे ऑफ इंडिया पिवळसर दगडाचें आहे, आणि तेथून जवळच असलेल्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतींत कुर्ल्याचा करडा व मालाडचा पिवळट असे दोन्ही दगड वापरलेले आहेत. तेथें अर्धा तास उभें राहिल्यास असें दिसून येईल कीं, पिवळा दगड उन्हांत जवळजवळ दुधी दिसतो, आणि सांवलींत तो काळा न होतां जांभळट करडा होतो. ही एक गोष्ट ध्यानांत राहिली तरी छायेसाठीं काळा रंग घेण्याची खोड सुटेल.

खडकासंबंधीं आणखी एक. वाऱ्यानें उडणारी वाळू जमिनीलगत अधिक असते. त्यामुळें वाळवंटांतील खडकाचा पायथा घासला जातो, आणि आडोशाच्या बाजूला वाळू सांचते. म्हणून खडक टेबलावर पेपरवेट ठेवावा तसा वाळूवर ठेवलेला दिसूं नये. त्याचा पाय वाळूंत बुडालेला असावा, एका बाजूला थोडा आणि दुसऱ्या बाजूला अधिक.

आतां झाडाकडे वळूं. बहुतेक चित्रें फसतात तीं येथेंच. वाळवंट म्हणजे मरण, अशी आपली समजूत. म्हणून आपण तेथें एक वाळलेला खुंट उभा करितों. थरमधील प्रमुख झाड खेजडी. हें नांव आपणांस नवें वाटेल, पण झाड नवें नाहीं. आपली शमी ती हीच. वनस्पतिशास्त्रांत तिला प्रोसोपिस सिनेरेरिया म्हणतात. अज्ञातवासांत पांडवांनीं आपलीं शस्त्रें जिच्यावर लपविलीं असें महाभारतांत सांगितलें आहे, जिची दसऱ्याला पूजा होते आणि जिचीं पानें गणेशचतुर्थीच्या पत्रींत लागतात, ती शमी. त्या दिवसांत दादरच्या फुलबाजारांत तिची डहाळी विकावयास येते. अशी एखादी डहाळी हातीं आली तर तिच्याकडे घटकाभर चित्रकाराच्या डोळ्यांनीं पाहावें. पानें बाभळीसारखीं बारीक पर्णिकांचीं, आणि फांदीवर आंखूड कांटे. इतक्या लहान पानांतून पाणी थोडेंच उडून जातें. आणि मुळें तर २० मीटरांहूनही खोल जाऊं शकतात. ह्या दोन गुणांमुळें भोंवतालचें गवत करपून गेलेलें असतांना, ऐन उन्हाळ्यांत, खेजडी हिरवी असते. आपल्या चित्रांतलें वाळवंटाचें झाड मात्र वर्षाचे बारा महिने मेलेलें असतें!

खेजडीचा आकार केवळ ऊन आणि वारा ह्यांनीं घडविलेला नसतो. त्यांत माणसाचाही हात असतो. थंडीच्या दिवसांत शेतकरी गुरांच्या वैरणीसाठीं तिच्या फांद्या छाटतात. त्या पाल्याला तिकडे 'लूंग' म्हणतात. तिच्या शेंगा 'सांगरी' ह्या नांवानें प्रसिद्ध असून त्यांची भाजी करितात. तिच्या आसऱ्याला बाजरीचें पीकही चांगलें येतें, म्हणून शेतांत उभी असलेली खेजडी कोणी काढून टाकीत नाहीं. वरचेवर छाटल्यामुळें तिच्या खोडावर गांठी येतात आणि त्या गांठींपासून कोंवळ्या फांद्यांचे झुबके फुटतात. ही गांठ जो काढील, त्यानें झाडाबरोबर त्या गांवच्या माणसांचें जिणेंही चित्रांत आणलें असें होईल.

हें जिणें किती जिव्हाळ्याचें आहे, ह्याची एक हकीकत येथें सांगितली पाहिजे. १७३० मध्यें जोधपूरच्या महाराजा अभयसिंहाच्या महालासाठीं चुना भाजावयास लांकूड हवें होतें. तें तोडून नेण्यास दरबारचीं माणसें जवळच्याच खेजडली गांवीं आलीं. अमृतादेवी नांवाच्या बिष्णोई स्त्रीनें झाडाला मिठी घातली आणि कुऱ्हाडीखालीं प्राण दिला. तिच्यामागून इतर पुढें झाले. त्या प्रसंगीं एकंदर ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुष झाडांसाठीं मरण पावले, अशी नोंद परंपरेनें जपली गेली आहे. ज्या झाडासाठीं इतक्या माणसांनीं जीव दिला, तें आपल्या चित्रांत केवळ रिकामी जागा भरण्यासाठीं दोन फराट्यांत उरकून टाकावें काय? दुसऱ्याच्या भूमीचें चित्र काढणें म्हणजे तिच्याविषयीं कांहीं विधान करणें होय. तेथें खुंट काढला, तर "येथें कोणी राहत नाहीं, येथें कांहीं जगत नाहीं," असें आपण म्हणतों. आणि तें खरें नाहीं.

वाळू, खडक आणि झाड ह्यांना एकत्र बांधतो तो उजेड. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) ह्यांनीं १९०८ मध्यें मुंबईंत आपली कलासंस्था काढली आणि पुष्कळ विद्यार्थी तयार केले. त्यांचें 'ग्लो ऑफ होप' हें जलरंगांतील चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. त्यांत एक स्त्री हातांत दिवा घेऊन उभी आहे. दुसऱ्या हातानें तिनें ज्योत झांकली आहे, आणि बोटांमधून आलेला तांबूस उजेड तिच्या चेहऱ्यावर व वस्त्रावर पडला आहे. त्या चित्रांतील लहानशी चुणीसुद्धां तो दिवा कोठें आहे हें सांगते. वाळवंटाच्या चित्रांत दिव्याच्या जागीं सूर्य आहे, एवढाच फरक. खडक डावीकडून उजळलेला आणि झाडाची सांवलीही डावीकडेच पडलेली, असें होतां कामा नये.

वेळ कोणती निवडावी? मुंबईंत मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, असा वर्षांतून दोनदां सूर्य भर दुपारीं बरोबर डोक्यावर येतो, आणि उभ्या काठीची सांवली तिच्या पायाशींच नाहींशी होते. जैसलमेर कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळें तेथें हें कधींच घडत नाहीं, तरी उन्हाळ्यांत दुपारची सांवली तेथेंही फार आंखूड असते. अशा वेळीं खडकाचीं अंगें एकमेकांत मिसळून जातात आणि वाळूच्या लहरी दिसत नाहींत. म्हणून सकाळची पहिली किंवा दिवसाची शेवटची घटका चित्राला उत्तम. त्या वेळीं सांवली लांब असते, आणि लांब सांवली जमिनीचा चढउतार स्वतःच रेखून दाखविते.

अंतर दाखविण्याची रीतही हवेवर अवलंबून आहे. गिरगांव चौपाटीवरून मरीन ड्राईव्हच्या कमानीकडे पाहिलें तर जवळच्या इमारतींच्या खिडक्या मोजतां येतात. नरिमन पॉइंटकडच्या इमारती मात्र करड्या धुरकटांत बुडालेल्या असतात. आपली हवा ओलसर असल्यामुळें आपल्याला दूरचें सर्व कांहीं फिकें काढण्याची संवय लागते. वाळवंटाची हवा कोरडी. धुळीचें वादळ नसेल तेव्हां तेथें दूरची टेकडीही रेखीव दिसते. म्हणून तेथें अंतर दाखविण्याचा भार मुख्यतः आकारावर पडतो: दूरचा खडक लहान, दूरच्या लहरी एकमेकींजवळ, आणि रंग किंचितच निळसर.

एवढें समजलें म्हणजे रंगवण्याचें काम सांगावयास थोडेंच उरतें. जाड, खरखरीत कागद ओला करून त्याच्या चारी कडा डिंकाच्या पट्टीनें फळ्यावर चिकटवाव्या, म्हणजे तो फुगत नाहीं. प्रथम पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मांडणी करून पाहावी. क्षितिज कागदाच्या बरोबर मध्यावर नसावें. झाड एका बाजूस असावें. दोन खडक सारखे नसावे, आणि एकाचा थोडा भाग दुसऱ्यामागें गेलेला असावा. मोठ्या कागदावर पेन्सिलीच्या रेघा हलक्या काढाव्या, कारण जलरंगाखालून त्या डोकावतात.

आकाश आधीं रंगवावें. वरून निळा रंग भरपूर पाण्यांत घेऊन तो खालीं उतरवीत न्यावा, आणि क्षितिजाजवळ तो इतका पातळ करावा कीं, तेथें पिवळीची किंचित् झांक मिसळतां येईल. हें वाळल्याशिवाय पुढें जाऊं नये. मुंबईंत जुलै महिन्यांत कागद वाळावयास फार वेळ लागतो. त्या दिवसांत घाई केली तर आकाश खडकांत उतरतें. नंतर वाळू. तिच्यासाठीं येलो ऑकर आणि बर्न्ट सिएन्ना हे दोन रंग पुरेसे आहेत. पहिला म्हणजे आपली पिवळी माती. दुसरा म्हणजे इटलींतील सिएना ह्या गांवाच्या नांवानें ओळखली जाणारी माती भाजून केलेला तांबूस रंग. भाजल्यानें तिच्यांतील लोहाच्या संयुगांतलें पाणी निघून जातें आणि पिवळा रंग तांबडा होतो. अजिंठ्याच्या चित्रकारांनींही पिवळी माती, गेरू आणि काजळी अशाच साध्या द्रव्यांवर पुष्कळसें काम केलें. ज्या मातीचें चित्र, तीच माती रंगांत, असा हा योग आहे. जेथें ऊन सर्वांत प्रखर, तेथें कागद कोराच सोडावा. जलरंगांत सर्वांत उजळ पांढरा रंग कागदाचाच असतो.

खडकाचीं तीन अंगें तीन छटांनीं, रुंद कुंचल्यानें भरावीं. दगडाचा खरखरीतपणा दाखविण्यास कुंचला जवळजवळ कोरडा करून कागदावरून आडवा ओढावा. झाडाचें खोड खालून वर काढीत जावें, कारण तें तसेंच वाढतें, आणि प्रत्येक फांदी आपल्या मूळच्या फांदीहून बारीक असावी. पानें एकेक न काढतां त्यांचे झुबके काढावे, आणि त्यांमधून आकाश दिसावयास जागा सोडावी. सांवली सर्वांत शेवटीं, एकाच हातानें, पातळ निळसर जांभळ्या रंगानें घालावी. ती खडकावर चढावी, वाळूच्या लहरींबरोबर वांकावी, आणि तिच्याखालून वाळूचा रंग दिसावा. खडकाच्या खालच्या अंगाला वाळूवरून उसळलेल्या उन्हाची थोडी पिवळट झांक द्यावी. त्यानंतर कुंचला खालीं ठेवावा. उरलेली जागा रिकामी वाटते म्हणून तींत उंट, पक्षी किंवा दुसरें झाड घालण्याचा मोह होतो, तो आवरावा.

चित्र पुरें झालें म्हणजे त्याला तीन प्रश्न विचारावे. सूर्य कोठें आहे? वारा कोठून येतो? आणि ह्या झाडाला पाणी कोठून मिळतें? पहिल्या दोहोंचें उत्तर प्रत्येक सांवलींत आणि प्रत्येक टेकडींत सारखें मिळालें पाहिजे. तिसऱ्याचें उत्तर कागदावर दिसणार नाहीं, तें जमिनीच्या पोटांत आहे. पण काढणाराला तें ठाऊक असलें तर झाडाचा बुंधा जमिनींत घट्ट रोवलेला दिसतो, आणि ठाऊक नसलें तर तें झाड टांचणीसारखें नुसतें टोंचलेलें दिसतें. असें चित्र एका तासांत होणार नाहीं. दोन रविवार चौपाटीवर आणि वरळीला जातील, एखादी संध्याकाळ गेटवेपाशीं जाईल, आणि चार कागद फुकट जातील. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं हा खर्च करून पाहावा अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.